बारावीच्या घरातली पाहुणी: कोथरूडमधलं एक प्रकरण

परदेशातून वर्षभरासाठी आलेल्या शाळकरी मुलामुलींना पुण्यातल्या घरांत राहायला ठेवायचं आणि त्यांच्यावर वर्षभर लक्ष ठेवायचं, हे काम मी स्थानिक समन्वयक म्हणून स्वयंसेवेने करते. नव्याने येणारे स्वयंसेवक प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास विचारतात, "कुटुंबाचं आणि मुलाचं पटलंच नाही, तर आपण नेमकं करायचं काय?" नियमावलीत त्याचं उत्तर आहे, पण ते वाचून हाती फारसं लागत नाही. म्हणून २०२३-२४ या वर्षातलं एक प्रकरण इथे पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडते आहे. दोन्ही बाजूंना विचारलं आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नाव कुणाचंच दिलेलं नाही.

घर आणि मुलगी

मुलगी इटलीची, सतरा वर्षांची. तिकडे वरच्या वर्गांची शाळा पाच वर्षांची असते. त्यातलं चौथं वर्ष परदेशी शाळेत काढलेलं चालतं आणि मूल परत आलं की त्याला पुढच्या वर्गात घेतात. ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात पुण्यात आली आणि इथल्या एका शाळेत अकरावीला बसू लागली.

कुटुंब कोथरूडचं. काका खासगी कंपनीत, काकू बँकेत. काकांच्या आई घरीच असतात, त्यांना ऐकायला कमी येतं. एकुलता एक मुलगा सायन्सला, डोळ्यांसमोर जेईई. फ्लॅट दोन बेडरूमचा. एका खोलीत काका-काकू, दुसरी मुलाची, आणि आजींची कॉट हॉलला लागून असलेल्या बंदिस्त गॅलरीत. पाहुणीला स्वतंत्र खोली हवी म्हणून मुलाने आपली खोली दिली आणि अभ्यासाचं टेबल उचलून हॉलमध्ये आणलं. हे त्यांनी आपणहून केलं. आमच्या कार्यक्रमात यजमान कुटुंबाला एक रुपयाही मिळत नाही. मुलीचं जेवणखाण, राहणं सगळं त्यांच्याच खर्चाने होतं. तरीही पुण्यात अशी घरं मिळतात, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढचं सगळं वाचताना हे ध्यानात असू द्या, कारण या प्रकरणात वाईट वागलेलं कुणीही नाही.

आमच्या माणसांची घरभेट झाली तेव्हा मुलगा अकरावीत होता. जूनमध्ये बारावी सुरू झाली, मोठ्या क्लासची टेस्ट सिरीज लागली आणि घराचं वेळापत्रक बदललं. मुलगी आली ती या बदललेल्या घरात.

परदेशी पाहुण्याला हॉटेलात किंवा हॉस्टेलवर न ठेवता एखाद्या घरातच ठेवायचं, ही कल्पना आता नव्वदीची झाली. अमेरिकेतल्या 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग'ने १९३२ मध्ये ती पद्धतशीरपणे सुरू केली. दोन्ही महायुद्धांत जखमींची ने-आण करणाऱ्या स्वयंसेवक रुग्णवाहिका चालकांची जी संघटना होती, तिने १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण हाती घेतली. आज ती 'एएफएस' या नावाने ओळखली जाते. यामागचा विचार साधा होता. माणसं एकमेकांना भाषणांतून कळत नाहीत, एका छताखाली राहून कळतात. म्हणूनच या वर्षात शाळेपेक्षा घराचं वजन जास्त असतं. त्या घरातली जेवायची वेळ, झोपायची वेळ, किल्ली कुणाकडे आणि दार कोण उघडतं, हाच या मुलांचा खरा अभ्यासक्रम.

काकूंचा फोन

गणपती झाले, पितृपक्ष लागला आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रात्री काकूंचा फोन आला. आवाज अगदी शांत होता, आणि तोच जास्त काळजीचा असतो. "ताई, तुम्ही तिच्यासाठी दुसरं घर बघा. आमचंही काही कमी पडलं असेल, पण आता नाही जमायचं."

मग तक्रारी आल्या. ती दार लावून बसते. ताटातलं अन्न निवेपर्यंत हात लावत नाही, मग दोन घास खाऊन उठते. रात्री साडेअकराला फोनवर मोठमोठ्याने बोलत बसते, हॉलमध्ये मुलगा अभ्यास करत असतो. शाळा सुटल्यावर घरात यायचं सोडून जिन्यात मोबाईल बघत बसते. हे शेजारच्या वहिनींनी सांगितलं, तेव्हा काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजींशी एक शब्द बोलत नाही. आणि शेवटी, "तिला आमचं घर आवडलेलंच नाही. तिच्या वागण्यातूनच दिसतं ते."

मी काकूंना दोनच गोष्टी सांगितल्या. घर बदलायचं की नाही यावर आठवडाभरात बसून बोलू. आणि तोवर या तक्रारींतलं तिच्याशी काही बोलू नका. अशा वेळी 'बघू, होईल हळूहळू' असं म्हणून फोन ठेवणं मला पटत नाही. ज्यांनी स्वतःच्या मुलाची खोली दिली ती माणसं उगाच फोन करत नाहीत. बरेच दिवस सोसून झाल्यावरच करतात.

आधी मुलगी, एकटी

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिला गाठलं आणि आम्ही वेताळ टेकडीवर चालायला गेलो. समोरासमोर बसलं की या वयाची मुलं उत्तरं देतात, शेजारी शेजारी चाललं की बोलतात.

सुरुवात मात्र ठरलेल्या प्रश्नांनी केली, आणि ती कधीही टाळायची नाही. घरात कुणाची भीती वाटते का? खोलीला आतून कडी आहे का? नको तसं कुणी बोललं, हात लावला, फोटो काढले असं झालंय का? पोटभर जेवायला मिळतं का? पासपोर्ट कुठे आहे? फोन कुणी काढून घेतलाय का? अठरा वर्षांखालचं मूल आपल्या कायद्याने बालक आहे, मग ते कुठल्याही देशाचं असो. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा त्याला तसाच लागू होतो आणि असं काही कानावर आलं तर पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक असतं. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मनात पाल चुकचुकेल असं आलं, तर समजूत-बैठक वगैरे काही नाही. त्या रात्री मूल त्या घरात झोपत नाही. प्रश्न अवघड वाटतात म्हणून कुटुंबाच्या चांगुलपणावर विश्वास टाकून ते वगळणारे स्वयंसेवक मी पाहिलेत. कुटुंब कितीही ओळखीचं असलं तरी ते विचारलेच पाहिजेत.

तिची उत्तरं स्वच्छ होती. घरातले सगळे तिच्याशी चांगले वागतात, पासपोर्ट तिच्याच बॅगेत आहे, खायला भरपूर मिळतं. मग थोडं अंतर गप्प चालल्यावर म्हणाली, "सगळे चांगले आहेत, पण मी तिथे कुणाचीच नाही."

तिच्याकडून तिचा दिवस ऐकला. ही माझी नेहमीची पद्धत. 'कसं वाटतंय' असं विचारण्यापेक्षा 'काल सकाळी उठल्यापासून काय काय केलंस' असं विचारायचं. शाळा अडीचला सुटते, तीनला ती घरी पोचते. काका-काकू कामावर, मुलगा क्लासला, आजी झोपलेल्या. आजींना बेल ऐकू येत नाही. तिच्याकडे किल्ली नाही. त्यामुळे आजी चारला उठेपर्यंत ती जिन्यात बसते. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आजींबद्दल तक्रार केल्यासारखं होईल असं तिला वाटलं.

रात्री आठला काकू तिला एकटीला वाढतात. तिच्या घरी आठला सगळे टेबलाशी बसल्याशिवाय कुणी काट्याला हात लावत नाही. म्हणून ती थांबायची. काकू ओट्याशी उभ्या राहून ती जेवते का ते बघायच्या. तिला वाटायचं काकू येऊन बसतील, काकूंना वाटायचं पोरगी जेवेल. पोळी निवून जायची. काका नऊला येतात, मुलगा साडेनऊला अभ्यासातून उठून ताट घेऊन परत टेबलाशी जातो, काकू दहाला सगळं आवरून स्वयंपाकघरातच जेवतात. तीन महिने त्या घरात ती कुणाबरोबर जेवलीच नव्हती.

आणि रात्रीचा फोन? इटलीत उन्हाळी वेळ चालू असताना आपण साडेतीन तास पुढे असतो. तिच्या घरचे आठला जेवायला बसतात, तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले असतात. फोन टेबलावर उभा करून ती त्यांच्या जेवणात बसायची.

यू अक्षराचा तळ

त्या आठवड्यात आमच्या पुण्याच्या गटाची बैठक होती. नावं न घेता प्रकरण सांगितलं. एक अनुभवी सहकारी म्हणाले, "तिसरा महिना आहे. यूचा तळ. दिवाळीनंतर आपोआप वर येईल."

हा 'यू' आमच्या प्रत्येक प्रशिक्षणात फळ्यावर काढला जातो. मूल येतं तेव्हा उत्साहात असतं, मग खाली जातं, मग वर येतं. मुळात ही मांडणी नॉर्वेचे समाजशास्त्रज्ञ स्वेरे लिसगार्ड यांची, १९५५ सालची. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेला जाऊन आलेल्या नॉर्वेच्या लोकांचा त्यांनी अभ्यास केला होता. त्यांना जुळवून घेणं सर्वांत अवघड गेलेलं दिसलं ते सहा ते अठरा महिने तिथे राहिलेल्यांना. म्हणजे एक तर ती मोठी माणसं, दुसरं म्हणजे तिथला 'तळ' आमच्या मुलांचा निम्मा मुक्काम उलटतो तेव्हा कुठे सुरू होणारा. तो तिसऱ्या महिन्यावर आणून ठेवायला त्या अभ्यासाचा आधार नाही. पण माझी खरी हरकत वेगळी आहे. फळ्यावरची ती रेघ पाहिली की समोरचं मूल दिसेनासं होतं. किल्ली नसलेली मुलगी जिन्यात बसली आहे, तिला यूच्या तळाचं काय सांगायचं? दिवाळीनंतर किल्ली आपोआप उगवत नाही.

'संस्कृतीतला फरक' या शब्दप्रयोगाचंही असंच होतं. तो खोटा नसतो, पण लवकर हाताशी येतो. एकदा तसं म्हटलं की पुढे विचारायचं थांबतं.

आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ काकांनी मला सुरुवातीलाच एक प्रश्न शिकवला होता. कुठलीही तक्रार आली की आधी विचारायचं, या परदेशी मुलाच्या जागी लातूरहून शिकायला आलेला भाचा असता, तर हेच झालं असतं का? पुण्यातल्या कितीतरी घरांत एखादा भाचा, पुतणी, गावाकडचा कुणी शिकायला म्हणून राहून गेलेला असतो. त्यामुळे हा प्रश्न विचारला की माणसं लगेच खरं उत्तर देतात.

मी त्या प्रश्नातून एकेक तक्रार नेली. जेवणाचं? लातूरचा भाचा वाढलेलं ताट गरम असतानाच संपवून मोकळा झाला असता. म्हणजे हा फरक खरोखर दोन घरांच्या रीतींचा आहे. हा सांगून सुटतो. दार लावून बसणं? भाचाही बसला असता, विशेषतः हॉलमध्ये कुणी अभ्यास करत असताना. रात्रीचा फोन? भाच्याला पहिल्याच आठवड्यात 'हळू बोल रे' असं ऐकायला मिळालं असतं. तिला मात्र महिनोन् महिने कुणी बोललं नाही, कारण पाहुणीला कसं बोलायचं. आणि किल्ली? भाच्याला ती दुसऱ्या दिवशीच मिळाली असती.

इथे मला प्रकरणाचा पहिला धागा सापडला. तिला घरात नीट वागवत नाहीत असं नव्हतं. तिला पाहुणीसारखं वागवत होते, आणि पाहुणपण महिनाभराच्या पुढे दोघांनाही जाचतं.

काकूंच्या स्वयंपाकघरात

शनिवारी दुपारी काकूंकडे गेले. त्यांनी फ्रीज उघडून दाखवला. पास्त्याची पाकिटं, चीज, ऑलिव्ह तेलाची बाटली. "रजा टाकून यूट्यूबवर बघून शिकले हो. तिने दोन चमचे खाल्ले." त्यांचं लागलेलं मन मला दिसत होतं. मी जेवायला थांबण्याबद्दल सांगितलं, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्याच. "म्हणजे ती माझी वाट बघत होती?" असं त्यांनी दोनदा विचारलं.

जिन्याचं सांगितल्यावर मात्र त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग किल्ली न देण्याचं कारण आलं. "परक्याची पोर आहे ताई. दुपारी एकटीच बाहेर पडली, कुठे गेली, काही झालं, तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू? भाच्याचं वेगळं. त्याच्या आईला मी चार शब्द सुनावू शकते." ही भीती खोटी नव्हती. अल्पवयीन मुलीची जबाबदारी घेतलेल्या माणसाला ती वाटायलाच हवी. पण भीतीचा उपाय किल्ली रोखणं हा नाही, जाण्यायेण्याचे नियम बोलून ठरवणं हा आहे.

निघता निघता चपला घालताना काकू म्हणाल्या, "मागच्या दोन टेस्टमध्ये याचे मार्क खाली आलेत." एवढंच. मला वाटतं हे वाक्य त्या सगळ्या तक्रारींच्या मागे उभं होतं. ते तक्रार म्हणून उच्चारता येत नव्हतं, कारण त्यात त्या मुलीचा काही दोष नव्हता हे काकूंनाही कळत होतं. दारातली वाक्यं नीट ऐकायला हवीत. खुर्चीवर बसून माणूस तक्रार करतो, खरं कारण बऱ्याचदा चपला घालताना बाहेर येतं.

एकत्र बैठक

रविवारी सकाळी सगळे बसलो, आजींसकट. मी बैठकीला एकच अट घातली. समोरच्याचा स्वभाव कसा आहे हे कुणीही सांगायचं नाही. आपला दिवस कसा जातो आणि त्यात कुठे अडतं तेवढंच सांगायचं. 'ती तुसडी आहे' याला उत्तर नसतं. 'रात्री साडेअकराला आवाज येतो' याला असतं. तक्रार वेळेची असेपर्यंत सुटते, ती स्वभावाची झाली की दोन्ही बाजू फक्त पुरावे गोळा करत बसतात.

मुलीने जिन्याचं सांगितलं. आजींना ते मोठ्याने परत सांगावं लागलं. त्या उठल्या, आत गेल्या आणि देवघराच्या खणातून स्वतःच्या वाट्याची लॅचची किल्ली घेऊन आल्या. "मला काय करायचीय, मी कुठे जाते बाहेर," म्हणत त्यांनी ती मुलीच्या हातात ठेवली. काकू काही बोलायच्या आतच हे होऊन गेलं.

मग बाकीचं ठरलं ते मी मराठीत आणि इंग्रजीत एका कागदावर लिहिलं. आठवड्यातून तीन रात्री काकू आठला तिच्याबरोबर स्वतःचं ताट घेऊन बसणार, रविवारी दुपारी घरातले सगळे एकत्र जेवणार. फोन संध्याकाळी साडेपाचला, कारण तेव्हा तिकडे दुपारचे दोन वाजलेले असतात आणि शाळा सुटून भाऊ घरी आलेला असतो. बाहेर जाताना कुठे, कुणाबरोबर आणि केव्हापर्यंत हे काकूंना मेसेज करायचं, आठच्या आत घरी. दार कपडे बदलताना आणि अभ्यास करताना बंद, एरवी उघडं. दोन आठवडे हे करून बघायचं आणि मग घर बदलायचं की नाही ते ठरवायचं. कागद फ्रीजवर लागला. तोंडी ठरलेलं चार दिवसांत ज्याच्या त्याच्या सोयीने आठवतं, म्हणून लिहून ठेवण्याबद्दल मी आग्रही असते.

मध्यंतरी आमच्या संस्थेला अहवाल गेला. मुलीच्या आईवडिलांशी समन्वयकाने थेट बोलायचं नाही, इथली संस्था तिथल्या संस्थेला कळवते आणि ती पालकांना. हे लांबचं वाटतं, पण रात्री घाबरलेल्या पालकांना अर्धवट बातमी देण्यापेक्षा बरं. समन्वयकाने किती संपर्क ठेवावा हे अमेरिकेत तर सरकारी नियमातच आहे. देवाणघेवाणीसाठीच्या जे-१ व्हिसावर तिथे जाणाऱ्या शाळकरी मुलांच्या बाबतीत महिन्यातून किमान एकदा मुलाशी आणि कुटुंबाशी वेगवेगळा संपर्क हवा आणि समन्वयक १२० मैलांच्या आत राहणारा हवा. १२० मैल म्हणजे पुण्यात बसून जवळजवळ नाशिकचं मूल सांभाळण्यासारखं. संध्याकाळी कोथरूडहून खराडीला जायलाच तासाच्या वर वेळ लागतो, तेव्हा अंतराचा आकडा मला महत्त्वाचा वाटत नाही. महिन्यातून एकदा, वेगवेगळं, हे मात्र सोन्यासारखं आहे.

काय सुटलं, काय नाही

किल्लीने जे केलं ते दोन महिन्यांच्या समजावण्याने झालं नसतं. ती तीनला घरी येऊन कपडे बदलू लागली, चारला आजी उठल्या की दोघींचा चहा टाकू लागली. आजींना इंग्रजी येत नाही आणि तिचं मराठी मोडकं, त्यामुळे दोघी मोठ्याने आणि हातवारे करून बोलायच्या. नवरात्रात सोसायटीच्या भोंडल्याला ती फेर धरून नाचली आणि खिरापत ओळखायच्या वेळी काकूंच्या कानात विचारून उत्तरं देत राहिली. जेवणाचा प्रश्न तर आठवड्यात संपला. पास्त्याची पाकिटं फ्रीजमध्येच राहिली, तिला वरणभात आणि लिंबाचं लोणचं पुरत होतं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं मागे गेली, फरक साडेचार तासांचा झाला आणि फोनची वेळ साडेसहावर सरकली. आणि त्याच वेळी क्लासवरून मुलगा घरी येऊन अभ्यासाला बसायचा.

दसऱ्यानंतर त्या घराने बारावीचा पूर्ण रंग घेतला. जानेवारीत जेईई मेन, फेब्रुवारीत बोर्ड. संध्याकाळी सातनंतर टीव्ही बंद, पाहुणे बंद, मिक्सरसुद्धा दुपारीच लावून घ्यायचा. मुलगी कुणाला त्रास देत नव्हती, पण सतरा वर्षांची मुलगी त्या शांततेत नुसती हसली तरी ऐकू यायचं. ती चालताना टाचा उचलू लागली, हे मी स्वतः पाहिलं. दोन आठवड्यांनी मी मुलाला वेगळं विचारलं. तो म्हणाला, "ती छान आहे. माझं तिच्याशी काहीच भांडण नाही. पण मला माझी खोली हवीये, मावशी."

इतकं सरळ उत्तर दिल्याबद्दल मी त्याचे आभार मानले. लातूरच्या भाच्याचा प्रश्न मी इथेही विचारला. भाचा असता, तर त्या वर्षी त्यालाही घरच्यांनी कॉट बेसिसवर एखादी खोली बघून दिली असती, आणि कुणी त्याला वाईट म्हटलं नसतं. यात संस्कृतीचा संबंध नाही. दोन बेडरूमच्या घरात बारावीचं पोर आणि वर्षभराची पाहुणी दोघंही बसत नाहीत, इतकीच ही गोष्ट आहे. घर बदलायचं ठरलं.

घर बदलणं म्हणजे प्रकरण फसलं, असं बहुतेक स्वयंसेवक धरून चालतात. मला तसं वाटत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बदललं असतं तर ती मुलगी 'आपण त्या घराला नकोशा झालो' एवढंच घेऊन गेली असती आणि काकू 'परदेशी मुलं अशीच' हे. आता दोघींनाही कारण माहीत होतं आणि ते दोघींच्याही बाहेरचं होतं. मधले आठवडे यासाठीच हवे होते.

बदलायचं कसं

घाईने एका तासात बॅगा भरून बाहेर पडायची वेळ सुरक्षिततेच्या प्रश्नावरच यावी. एरवी वेळ घ्यावा. नवं कुटुंब सिंहगड रोडचं, मुलं सहावी आणि आठवीतली. आधी घरभेट, संदर्भांची चौकशी, मग मुलीची त्यांच्याशी एक संध्याकाळ, आणि भाऊबीज झाल्यावर मुक्काम हलवला. काकूंनीच फराळाचे डबे भरून दिले.

कागदपत्रांत इथे बरेच जण अडकतात. १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याची आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. ती परदेशी नागरिकांच्या नोंदणीसाठीच्या 'ई-एफआरआरओ' या सरकारी संकेतस्थळावर होते. शिवाय परदेशी व्यक्तीला घरी ठेवून घेणाऱ्याने २४ तासांत सी फॉर्म, म्हणजे त्या व्यक्तीची माहिती सरकारला कळवणारा अर्ज, भरायचा असतो, आणि तो फक्त हॉटेलांसाठी असतो हा गैरसमज आहे. त्यामुळे घर बदललं की नव्या कुटुंबाने नवा फॉर्म भरायचा आणि मुलीच्या नोंदणीतला पत्ताही बदलून घ्यायचा. आम्ही हे त्याच दिवशी रात्री बसून केलं आणि शाळेलाही लेखी कळवलं. ही सगळी २०२३ ची पद्धत. २०२५ मध्ये परदेशी नागरिकांसाठीचा कायदा नव्याने आला आहे, तेव्हा आज हे काम करणाऱ्यांनी जुने नमुने न वापरता संकेतस्थळावरचे चालू अर्ज बघावेत.

गटात झालेला वाद

या प्रकरणानंतर आमच्या गटात सूचना आली, की दहावी-बारावीची मुलं असलेल्या घरांना यापुढे मूल द्यायचंच नाही. मी विरोध केला आणि आजही करते. आपल्या मुलाच्या वयाचं कुणी घरात यावं म्हणूनच पुष्कळ घरं पुढे येतात. सोळा-सतराच्या मुलांची घरं वगळली तर पुण्यात मागे उरतं काय? शिवाय प्रत्येक बारावी सारखी नसते. कॉमर्सची, कलाशाखेची मुलं असलेली, किंवा सायन्सचीच पण तीन बेडरूमची घरं मी पाहिली आहेत, जिथे वर्ष उत्तम गेलं.

माझं म्हणणं घरभेटीच्या वेळेबद्दल होतं. आपण रविवारी सकाळी जातो, पोहे खातो, सगळे घरात असतात, घर हसतं-खेळतं दिसतं. मग घराचा खरा दिवस आपल्याला कळणार कधी? कामाच्या दिवशी संध्याकाळी आठला जावं. जेवायला कोण कधी बसतं ते तिथे डोळ्यांनी दिसतं. दुपारी तीनला दार कोण उघडणार, तिसरी किल्ली आहे का, कुणाची खोली दिली जाणार आणि ज्याची दिली तो जानेवारीत कुठे बसून अभ्यास करणार, हे त्या मुलालाच विचारावं, आईवडिलांसमोर नव्हे. आणि मार्चमध्ये विचारलेलं जूनमध्ये पुन्हा विचारावं, कारण पुण्यात शाळा-कॉलेजांबरोबर घरंही जूनमध्ये बदलतात.

गटाने बंदीची सूचना बाजूला ठेवली आणि संध्याकाळच्या घरभेटीची मान्य केली. नोकरी करणाऱ्या स्वयंसेवकांना ती जड जाते, कुटुंबंही कधी कधी कुरकुरतात, 'त्या वेळी घर आवरलेलं नसतं हो' म्हणतात. आम्ही त्यांना सांगतो, आवरू नका, आम्ही जेवूनच येतो.